दुसरी प्रत कुठे आहे?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली. दहा मिनिटं काहीतरी उपयोगाचं बोल. फक्त एआय नको, ते रोज ऐकतोच आहोत." मला बरं वाटलं. आपल्या ग्रुपवर मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्नही एआयचा नाही. तो असतो, "लॅपटॉप फार हळू चालतो गं, नवीन कोणता घेऊ?"

त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. लगेच नवीन घेऊ नका. लॅपटॉप सहा-सात वर्षांचा असेल, तर आत बहुधा फिरणारी हार्ड डिस्क असेल. ती काढून एसएसडी बसवा आणि रॅम चार जीबी असेल तर आठ करा. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने हा खर्च अगदी थोडा आहे आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. विंडोज १० वापरत असाल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला आहे. विंडोज ११ चालत नसेल, तर अशा मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नका. पत्रं लिहिणं, यूट्यूब, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंट टाकून बघा. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर छान चालतं.

पण डिस्क बदलायला दुकानात जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. या डिस्कवर जे आहे, त्याची दुसरी प्रत कुठे आहे?

शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवते का? चपला बाहेर, मॉनिटरवर कापडी कव्हर आणि एका मशीनसमोर आपण चौघं. बेसिकमध्ये दोन ओळी लिहून स्वतःचं नाव पडदाभर छापायचं, यात पूर्ण तास जायचा. तेव्हा बाईंनी एक नियम घालून दिला होता, प्रोग्रॅम दोन फ्लॉपींवर ठेवायचा. फ्लॉपी कधी दगा देईल याचा नेम नसायचा. तिच्यावर आपला विश्वास नव्हता, म्हणून आपण दोन प्रती ठेवायचो. पुढे मोठ्या डिस्क आल्या, त्या वर्षानुवर्षं चालायला लागल्या आणि ती सवय सुटली. माझीही सुटली.

माझे बाबा २००८ साली निवृत्त झाले. एका डीटीपीवाल्याकडे बसून मराठी टायपिंग शिकले आणि घरच्या कॉम्प्युटरवर आठवणी लिहायला लागले. गाव, विहीर, आजोबांचं कर्ज, १९७२ च्या दुष्काळात स्वतः रस्त्याच्या कामावर फोडलेली खडी. मी सुट्टीत घरी गेले की विचारायचे, "हे जाणार नाही ना गं कुठे?" मी सांगितलं, "बाबा, डी ड्राइव्हमध्ये कॉपी ठेवत जा." ते रोज रात्री न चुकता सी मधली फाइल डी मध्ये ठेवायचे.

इथले काही जण आत्ताच हसले. बाकीच्यांसाठी सांगते. सी आणि डी ही बहुतेक घरांत एकाच डिस्कची दोन नावं असतात. एका कपाटाचे दोन कप्पे म्हणा. विंडोज पुन्हा टाकावं लागलं तर सी पुसलं जातं आणि डी वाचतं, म्हणून तो सल्ला सगळेच द्यायचे. पण कपाटच जळालं तर दोन्ही कप्पे जातात. मी इंजिनिअर, मला हे माहीत होतं. घाईत होते, एवढंच.

बाबा २०१४ मध्ये गेले. दोन वर्षांनी आई म्हणाली, "त्यांचं लिहिलेलं छापून घेऊ या." मी कॉम्प्युटर सुरू केला, तर आतून टक् टक् असा आवाज. डिस्क गेली होती. डेटा परत काढून देणाऱ्यांकडे दिली, त्यांनी प्रयत्न केले. सुरुवातीची प्रकरणं मिळाली, शेवटची मिळाली नाहीत. दुष्काळाचं प्रकरण नाही मिळालं.

जे मिळालं ते उघडलं, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला. बाबांनी वापरलेला फॉन्ट जुन्या पद्धतीचा होता. त्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फॉन्ट त्यावर फक्त मराठी चेहरा चढवतो. फॉन्ट नसला की चेहरा गळून पडतो. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण आपली छपाईची दुनिया पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टवर चालली. जुनी सीडी शोधून फॉन्ट मिळवला, कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला. जोडाक्षरं बरीच मोडली होती. आई आणि मी ओळ न् ओळ तपासली. एखादा शब्द लागला नाही की आई सांगायची, "अगं, ते असं म्हणायचे." आज आईला विचारता येतं म्हणून ते जमलं.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी.

एक, तीन-दोन-एक. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने हा नियम लोकांपर्यंत नेला. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. साध्या भाषेत, एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नको.

दोन, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. जागा करायची म्हणून गूगल फोटोजमधून फोटो उडवलात, तर तो क्लाउडवरूनही जातो आणि कचऱ्याच्या डब्यात काही दिवस राहून कायमचा नाहीसा होतो. म्हणून ती बाहेरची डिस्क हवीच, आणि काम झालं की ती काढून ठेवायची. सतत जोडलेली डिस्क व्हायरसलाही मिळते.

तीन, प्रत काढली म्हणजे काम झालं असं नाही. वर्षातून एकदा दुसऱ्या मशीनवर ती उघडून बघा. जुन्या फॉन्टमधलं मराठी लिखाण असेल, तर ते युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफही करून ठेवा.

चार, घरातल्या एका माणसाला हे सगळं कुठे आहे ते माहीत हवं. आपण आता पंचेचाळिशी ओलांडली आहे, हे बोलायला हरकत नाही. ईमेलचा आणि डिस्कचा पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवा. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही, तर ते बंद करून आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं. खातं पडून राहिलं तर कुणाला कळवायचं, ते गूगलच्या सेटिंगमध्ये आधीच नोंदवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटी एक विनंती. आज दिवसभरात आपण शेकडो फोटो काढणार. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर ते लहान होऊन जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ फोटो जातो. चहाच्या टेबलाशेजारी मी लॅपटॉप आणि दोन डिस्क घेऊन बसले आहे. एक डिस्क शाळेच्या कार्यालयात राहील, एक माझ्याकडे. ज्यांच्याकडे शाळेतले जुने फोटो असतील, त्यांनी तेही द्यावेत. आणि ज्यांचे आई-वडील आहेत, त्यांनी घरी गेल्यावर फोनवर त्यांचं थोडं बोलणं रेकॉर्ड करावं. प्रती कशा काढायच्या ते मला विचारा, रात्री अकरालाही उत्तर देईन.