नवी विद्या आणि जुनी सावकारी



पदवी घेऊन काही वर्षे नोकरी केलेले आणि आता वित्ततंत्रज्ञान, म्हणजेच फिनटेक, शिकून नवा व्यवसाय पत्करू पाहणारे अनेक तरुण आज येथे आहेत. पोटासाठी वाट बदलण्यात गैर काहीच नाही. ही विद्या जरूर शिका. परंतु ती कोणासाठी राबवणार, हा प्रश्न प्रवेश-अर्ज भरतानाच स्वतःला विचारा.

२०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पुढे भाजीवालीच्या खात्यातही गिऱ्हाइकाचे पैसे थेट जमा होऊ लागले. त्याच मोबाइलवर कर्ज देणारी अ‍ॅपही आली. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ साली अशी सुमारे १,१०० अ‍ॅप आढळली. त्यांपैकी ६०० बेकायदेशीर होती. कर्जदाराच्या फोनमधील क्रमांक उचलून नातलगांत त्याची अब्रू काढायची, ही त्यांपैकी कित्येकांची वसुलीची रीत. सावकाराची चोपडी अशी संगणकात शिरली.

२०२२ च्या नियमांनी व्याज व शुल्क धरून वार्षिक दर आधीच सांगणे बंधनकारक केले. परंतु तो दर पडद्यावर ठळक दिसावा की कोपऱ्यात दडावा, हे ठरवणाऱ्या खोलीत उद्या तुम्ही बसलेले असाल.

म्हणून संगणकाच्या भाषेबरोबरच व्याजाचे गणित, रिझर्व्ह बँकेचे नियम आणि कर्जदाराचा संसार यांचाही अभ्यास करा. नवी नोकरी धरताना पगार पाहालच. तो पगार कोणाच्या खिशातून येतो, हेही पाहा.