पेटीवर कुणाचं चित्र?

(आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा येथे युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



तुमच्या वाचनालयाच्या पाटीवर कोणतं चिन्ह काढायचं, यावरून इथं पंधरा दिवस भांडण चाललंय असं मला आल्या आल्या कळलं. कुणाला सिंह पाहिजे, कुणाला वळलेली मूठ. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, 'भाऊ, पोटाला नाही अन् ही पोरं चित्रावर भांडतात.' त्याचं म्हणणं खोटं नाही. तरी मी भांडणाऱ्या पोरांच्या बाजूचा आहे. का, ते सांगतो.

मी गोदीत काम करतो. तिथं पेटीवर छत्री काढलेली असली म्हंजे पाणी लागू द्यायचं नाही. प्याला असला म्हंजे आत फुटणारा माल. दोन उभे बाण म्हंजे ही बाजू वर. आकड्यावर फुली असली म्हंजे आकडा लावायचा नाही. माझ्याबरोबर अशी माणसं आहेत, ज्यांचा अजून सहीच्या जागी अंगठा उठतो. पण त्यांनी पेटी कधी उलटी ठेवलेली मी पाहिली नाही. ज्याला अक्षर नाकारलं, त्याचं पहिलं अक्षर म्हंजे चित्र. पण ते चित्र काढतो कोण? प्याल्याला जपा म्हणून खूण आहे. पेटी उचलणाऱ्याच्या पाठीला जपा, अशी खूण मी अजून पाहिलेली नाही. खुणा ठरवणारा मालाच्या बाजूचा होता, पाठीच्या बाजूचा नव्हता. सगळं तिथंच आलं.

आता दुसऱ्या पेटीकडे या. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. या देशानं हजारो वर्षं ज्यांना शाळेच्या उंबऱ्यावर उभं केलं नाही, त्यांच्या हातात एकदम मत आलं. वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती.

बैलजोडी कुणाची, सांगा ना! ज्याची जमीन त्याची. भूमिहीन माणूस जन्मभर बैलामागं चालला, बैलाचं शेण काढलं, मेलेला बैल ओढला, पण बैल त्याचा कधीच नव्हता. आणि तेच चित्र अख्ख्या देशाचं म्हणून त्याच्यापुढं ठेवलं. हत्ती मात्र कुठल्याच मालगुजाराच्या गोठ्यात मावणारा नव्हता. तो मायादेवीच्या स्वप्नातला, बुद्धाच्या जन्मकथेतला. आपल्या माणसाला त्या पेटीपुढं उभं राहून पहिल्यांदा वाटलं असेल, ही माझी.

१९५४ साली याच भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब उभे होते. घटना लिहिणारा माणूस तुमच्या जिल्ह्यात मत मागायला आला आणि पडला. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. त्याआधी १९५२ ला मुंबईनं त्यांना पाडलंच होतं. तेव्हा मुंबईवाल्यानं भंडाऱ्याकडे बोट दाखवायचं कारण नाही, आपण दोघंही एका यादीत आहोत. पण एक गोष्ट बघा. पेटी हरली, पेटीवरचं चित्र हरलं नाही. रिपब्लिकन पक्षानं हत्ती घेतला. पक्षाचे तुकडे झाले, तरी हत्ती उभाच. १९८४ ला कांशीराम यांनी बहुजन समाज पक्ष काढला, त्यांनीही हत्तीच घेतला आणि थेट उत्तर प्रदेशाच्या सत्तेपर्यंत नेला.

आपल्या पँथरचंही तसंच. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, हे पोरासोरांना ठाऊक आहे. पण तिकडं तो पँथर आला कुठून? तोही निवडणुकीच्या कागदावरून! अलाबामा राज्यात लाउंड्स नावाचा जिल्हा. पाचातली चार माणसं काळी. आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत काळा माणूस एकही नाही. निरक्षरांसाठी तिथंही पक्षांना चिन्हं असत. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्याच्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. म्हंजे काळ्या माणसानं मत द्यायचं तरी त्या कोंबड्याला! तेव्हा तिथल्या शेतकऱ्या-मजुरांनी, स्टोकली कारमायकेल वगैरे तरुणांना बरोबर घेऊन, आपला पक्ष काढला. चिन्ह पाहिजे होतं. अटलांटामध्ये काळ्या विद्यार्थ्यांचं क्लार्क कॉलेज होतं, त्याच्या खेळाडूंचं चिन्ह पँथर. त्यावरून त्यांनी आपला काळा पँथर काढला. १९६६ ची निवडणूक तेही हरले. पण त्याच वर्षी ओकलंडच्या पोरांनी तो पँथर उचलला, सहा वर्षांत तो समुद्र ओलांडून मुंबईत आला, आणि १९७० ला लाउंड्समध्ये त्याच चळवळीतला जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आला. कॉलेजच्या खेळाडूंचं एक चित्र, पण ते कुठून कुठं गेलं बघा.

म्हणून कुणी म्हटलं, चिन्ह म्हंजे नुसती शोभा, तर त्याला विचारा, मग तुमची चिन्हं तुम्ही इतकी जपता कशाला?

पण नुसतं चित्रात शिरून भागत नाही. अमेरिकेतच क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाचं चिन्ह होतं 'चीफ वाहू'. लालभडक तोंड, विचकलेले दात, डोक्यात पीस. मूळ रहिवाशांची जमीन घेतली, त्यांना मारलं, आणि वरून त्यांचंच तोंड टोपीवर छापून विकलं. त्या लोकांनी वर्षानुवर्षं मैदानाबाहेर निदर्शनं केली, तेव्हा कुठं २०१९ ला ते गणवेशावरून उतरलं. आपल्याला हे नवं नाही. सरकारी पोस्टरवर हात जोडून उभा असलेला योजनेचा लाभार्थी बघा. चित्रात आपण, पण चित्र काढणारा दुसराच. असल्या चित्रापेक्षा कोरी भिंत बरी.

आता घरचं बोलतो. राग येईल, येऊ द्या.

१९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनं दलित कुणाला म्हटलं? अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया. कागदावर सगळे आहेत. आता आपल्या पाट्या बघा. मूठ पुरुषाची, मनगट पुरुषाचं, सिंहाला आयाळ. या चौरासात चिखलात वाकून रोवणा करणारी बाई आपल्या कुठल्या पाटीवर आहे? सभेला सतरंजी अंथरायला ती, भाकरी थापायला ती, आणि चिन्ह ठरवायच्या बैठकीत ती नाही. शेजारच्या मातंगाच्या पोराला, ढिवराच्या पोराला आपली पाटी पाहून वाटत असेल, हे वाचनालय 'त्यांचं' आहे, तर चूक त्याची नाही. बैलजोडी पाहून आपल्याला जे वाटलं, तेच त्याला वाटतंय.

पण खबरदार! उद्या सगळ्यांना घ्यायचं म्हणून एकाचं जाळं, एकाचा झाडू, एकाची हलगी असं पाटीवर मांडून ठेवू नका. मनूनं जे काम कपाळावर मारलं, तेच आपण रंगवून पुन्हा भिंतीवर मारायचं? माणूस घ्या, त्याच्या जातीचा धंदा घेऊ नका.

तुमच्याच तालुक्यात पवनीला जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० मध्ये तिथं खोदलं, तर दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. दगडांवर ब्राह्मीत कोरलेली दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात बायाही आहेत. त्या काळच्या शिल्पात बुद्धाची मूर्ती काढत नसत. बोधिवृक्ष, चक्र, पाऊल, रिकामं आसन. एवढ्यावर माणसं ओळखायची. चक्रापुढं उभं राहायला कुणाला कुळ सांगावं लागत नव्हतं. तेच चक्र आज राष्ट्रध्वजावर आहे, आणि त्याच ध्वजाखाली आपल्या माणसाला पाणवठ्यावर मारतात हेही खरं आहे. चक्र आपलं आहे एवढ्यानं देश आपला झाला नाही. मघाच्या त्या भाऊला माझं उत्तर हेच. चित्रानं पोट भरत नाही, मजुरीचा लढा मजुरीवरच लढावा लागतो. पण लढायला कुणाकुणाला बोलावलंय, हे पाटी आधी सांगते.

तुम्ही विचाराल, मग चिन्ह कोणतं? मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ते गोदीतल्या एका माणसाचं होईल, आसगावचं होणार नाही. पुढची बैठक रात्री नको, बायांना येता येईल अशा वेळी घ्या. सगळ्या मोहल्ल्यांतली पोरंपोरी बोलवा. खडू द्या, जमीन द्या, काढू द्या. आणि जे ठरेल ते अशा एका बाईला दाखवा जिला वाचता येत नाही. पाटी पाहून ती न विचारता आत आली, तर चिन्ह बरोबर. उंबऱ्याबाहेर थांबली, तर पुसा आणि पुन्हा काढा.

जय भीम.