सापसुरळी घरात आली तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकू, पाककृती आणि भरतकाम यांच्या पंगतीत सापसुरळीला पाट मांडल्याबद्दल चिटणीसबाईंचे आभार मानते. विषयाचे नाव ऐकताच मागल्या रांगेत जी कुजबुज झाली ती माझ्या कानावर आली. तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईचे कान तिखट असतात!

गिरगावातल्या वाड्या म्हणा, हिंदू कॉलनीतली कुंपणे म्हणा, नाहीतर परळ-लालबागच्या चाळींमागचे दगडांचे ढीग म्हणा, जिथे मूठभर माती आणि पालापाचोळा उरला आहे तिथे ही बाई असायचीच. तपकिरी, तेल लावल्यासारखी तुकतुकीत, सळसळत जाणारी. आपल्या लोकांनी तिला ‘सापाची मावशी’ करून ठेवले आणि या नात्यापायी बिचारी केरसुणीचा मार खाते. खरे तर ती पालीच्या आणि सरड्याच्या गोत्रातली. तिला विषग्रंथी नाही, विषदंत नाहीत. मोठीने बोट धरलेच तर चिमटा बसल्यासारखे वाटेल, एवढेच.

ओळख पटवायची असेल तर पाय शोधीत बसू नका. काही जातींचे पाय इतके आखूड असतात की गवतात दिसतच नाहीत. डोळ्यांकडे पाहावे. सापाला पापण्या नसतात, सापसुरळी डोळे मिटते. डोळ्यामागे तिला कानाचे बारीक भोकही असते. सापाला ते नसते. पण हे सारे चार हात लांबून पाहायचे, आणि शंका असेल तर साप समजूनच दूर राहायचे.

आता पाळण्याविषयी. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने मागल्या जूनमध्ये मैदानाच्या कडेला एक सापसुरळी धरली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली. झाकणाला भोके पाडली, आत भात घातला, बशीत दूध ठेवले. मुलाची माया खोटी नव्हती. त्याच्या आईने मात्र, “आजच्या आज ही बाहेर, नाहीतर मी मारीन,” असे बजावले. भीती तिचीही खोटी नव्हती. घरात रांगते मूल होते. दोघेही भांडत माझ्या दाराशी आली. बरणीतली सापसुरळी चार दिवसांची उपाशी होती. भात आणि दूध हे तिचे अन्नच नव्हे! तिला हवेत जिवंत किडे : नाकतोडे, रातकिडे, वाळवी, कोळी. झुरळही चालते, पण घरात औषध मारले असेल तर ते झुरळ देणे म्हणजे विष देणे.

माझ्याकडे माशांची जुनी काचपेटी होती. तिच्यात चार बोटे ओलसर माती, वर सुकी पाने, एका कोपऱ्यात नारळाची करवंटी पालथी घालून तिला तोंड पाडले. तो तिचा आडोसा. उथळ झाकणात पाणी. वर झाकणाऐवजी बारीक जाळी, कारण कोंदट हवा तिला सोसत नाही. पेटीच्या एका अंगाला ऊब आणि दुसऱ्या अंगाला सावली हवी. तिचे रक्त आपल्यासारखे आपोआप गरम राहत नाही, ऊब घ्यायला आणि टाकायला तिला जागा बदलावी लागते. म्हणून काचपेटी भर उन्हात ठेवणे फार वाईट. दहा मिनिटांत आतला जीव भाजून निघतो.

दुसरी अडचण आपणा आयांना लगेच समजेल. कोवळे ऊन न मिळालेल्या मुलाला मुडदूस होतो, तसेच हिचेही होते. सूर्याच्या ज्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होते ते किरण काचेतून आत येत नाहीत. खिडकीशी ठेवलेल्या पेटीत उजेड भरपूर दिसतो, आणि आत हाडे मऊ पडत जातात. परदेशात पाळणारे त्यासाठी खास दिवे लावतात, किड्यांवर चुन्याच्या क्षाराची भुकटी शिंपडतात. ऑस्ट्रेलियात निळ्या जिभेची सापसुरळी पाळतात, ती दीड-दोन फूट लांब होते, भाजीफळे, गोगलगाई खाते आणि पंधरा-वीस वर्षे जगते. वीस वर्षे! तोवर हौसेने आणणारा मुलगा नोकरीला लागलेला असतो आणि पेटी आईच्या गळ्यात. दुकानात असला परदेशी जीव कोणी दाखवला तर आधी त्याचे कागद मागावेत. ऑस्ट्रेलियातून तिथले जिवंत प्राणी व्यापारासाठी बाहेर पाठवायला मनाई आहे.

मी त्या मुलाला सापसुरळीचे पोट दाखवले. दोन्ही कुशी फुगलेल्या होत्या; ती अंड्यावर आलेली होती. “ही बाळंतपणाला आली आहे रे,” म्हटल्यावर तो गप्प झाला. त्याची आई मात्र पहिल्यांदाच पेटीजवळ येऊन वाकली. दोन दिवस किडे खाऊन ती तरतरीत झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर आल्यावर, जिथे धरली होती त्याच कुंपणाशी मुलाने ती सोडली. सकाळीच का, तर ती दिवसा हिंडणारी. संध्याकाळी गारठलेली सोडली तर मांजराचे आयतेच फावते.

हात लावावाच लागला तर शेपटी धरू नये. ती तुटते, वळवळत राहते आणि पाहणारी बाई किंचाळते. नवी येते खरी, पण आखूड, आणि आत हाडाऐवजी कूर्चा. शिवाय साठवणीची चरबी शेपटीतच असते, म्हणजे तिची फडताळातली बेगमीच गेली. वरून भांडे पालथे घालावे, खालून पुठ्ठा सरकवावा. नंतर साबणाने हात धुवावेत, मुलांचेही. या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात.

जखमी सापडली तर परळचे बाई साकरबाई पेटिट जनावरांचे रुग्णालय आपल्या जवळच आहे, आणि वनखात्याचा मदतीचा क्रमांक १९२६.

आता पावसाळ्यात कुंड्यांची माती उकराल तेव्हा कधी मऊ सालीची पांढरी अंडी दिसतील, सापसुरळीची किंवा सरड्याची. ती उलटीपालटी करू नयेत. आतला जीव मरतो. माती जशी होती तशी वर सारावी आणि काही आठवडे ती कुंडी हलवू नये. तुळशीची असली तरी.