मूल फार खाते तेव्हा

दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आहाराविषयी जे बोलले आणि लिहिले जाते, त्यातील बराचसा भाग न जेवणाऱ्या मुलांसाठीच असतो. चिऊचा आणि काऊचा घास करून भरवण्याची सवय असलेल्या घरात जे मूल आपणहून दुसऱ्यांदा वाढून मागते, त्याचे आधी कौतुक होते, मग पाहुण्यांसमोर त्याला ‘खादाड’ म्हटले जाते, आणि पुढे ते लठ्ठ होईल या धास्तीने त्याच्या पुढचे ताट अर्ध्यावर उचलले जाते. या तिन्ही वेळी घरातील मोठ्यांचे लक्ष मूल किती खाते एवढ्यावरच खिळलेले असते, आणि ते काय खाते, कधी खाते व कुठे बसून खाते हे प्रश्न मागे पडतात.

मुळात लहान मुलाची गरज किती असते याचा अंदाज पुष्कळदा चुकतो. किलोकॅलरी हे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे माप आहे, आणि भारतीयांसाठी ठरवलेल्या आहारमानानुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३५० किलोकॅलरी लागतात, तर बैठे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला सुमारे १६५०. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची भूक त्याच्या आईच्या भुकेच्या जवळपास चार पंचमांश असली, तर त्यात नवल काहीच नाही. शिवाय ही गरज दररोज सारखी नसते. वाढीचा वेग कमीजास्त होत असल्यामुळे काही दिवस मूल दोन पोळ्या संपवते आणि काही दिवस अर्धीवर उठते.

म्हणून निवाडा ताटावरून न करता वाढीच्या आलेखावरून करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्रसिद्ध केलेली वाढीची मानके सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर आधारलेली असून त्यांत दिल्लीतील मुलांचाही समावेश होता. या आलेखात उंचीच्या मानाने वजन किती आहे हे पाहिले जाते, आणि मुलाची रेषा महिनोन्महिने एकाच पट्ट्यात राहत असेल तर त्याची भूक कितीही मोठी वाटली तरी ती त्याच्या शरीराला साजेशीच असते. रेषा वरचे पट्टे ओलांडत चालली असेल तर मात्र विचार करावा लागतो. मूल दिसायला सडपातळ आहे म्हणून त्याने काहीही खाल्ले तरी चालेल, हा समजही आपल्याकडे घातक ठरतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे परिसरातील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली, तेव्हा इथली बाळे वजनाने बरीच लहान असूनही त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने फारशी कमी नसल्याचे दिसून आले.

पोट भरल्याची जाणीव मूल जन्मतः घेऊन येते. शिकागो येथील क्लारा डेव्हिस या डॉक्टरांनी १९२८ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नुकत्याच वरच्या अन्नाला लागलेल्या बालकांपुढे निरनिराळे पदार्थ ठेवून त्यांतून हवे ते हवे तेवढे खाऊ दिले, दाईने कशाचीही शिफारस करायची नाही असा दंडक ठेवला, आणि बालके उत्तम वाढली. या प्रयोगातून मुलांना हवे ते खाऊ द्यावे असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात, की त्या ताटांत साखर किंवा गोडधोड नव्हतेच. यादी मोठ्यांची होती, प्रमाण तेवढे बालकांचे होते. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे हीच वाटणी नियमाच्या रूपात मांडली: काय, कधी आणि कुठे हे पालकांनी ठरवावे, आणि किती खायचे व खायचे की नाही हे मुलाने.

ही उपजत जाणीव फार काळ शाबूत राहत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताटातील वाढप वाढवले तरी तीन वर्षांची मुले तेवढेच खात होती, पाच वर्षांची मुले मात्र जास्त वाढल्यावर जास्त खात होती. ताट स्वच्छ करण्याचा आग्रह, भाजी संपवल्यास चॉकलेटचे आमिष आणि मोबाइल दाखवत भरवलेले घास यांमुळे पोटाकडून येणाऱ्या सूचनेपेक्षा बाहेरची खूण मोठी ठरते. उलट बाजूने केलेली अडवणूकही तितकीच अंगाशी येते, कारण समोर दिसणारा पण मनाई असलेला खाऊ मुलाला अधिकच हवासा वाटतो, असे प्रयोगांतही आढळले आहे. वेफरचा डबा वरच्या फळीवर ठेवून रोज नाही म्हणण्यापेक्षा तो आठवड्याच्या सामानात न आणणे कितीतरी सोपे असते.

भुकेच्या मुलासाठी सर्वाधिक उपयोगी कल्पना ऊर्जाघनतेची आहे, म्हणजे ठरावीक वजनाच्या पदार्थात किती ऊर्जा साठलेली आहे याची. शंभर ग्रॅम बिस्किटांत साधारण साडेचारशे किलोकॅलरी असतात, तर तेवढ्याच वजनाच्या मऊ खिचडीत त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास; साहजिकच बिस्किटांचा पुडा पोट न भरताच संपतो. उसळ, वरण, उकडलेले अंडे, भाज्या घातलेले धिरडे, ज्वारी-नाचणीची भाकरी, पेरू, काकडी यांनी पोट भरते आणि तृप्ती टिकते. पहिले वाढप थोडे करावे आणि दुसऱ्यांदा मागितल्यास नुसता भात किंवा पोळी न वाढता भाजी-वरणासह वाढावे. तृप्तीची सूचना मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात, त्यामुळे सावकाश आणि सर्वांबरोबर जेवण्याला महत्त्व आहे. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचे अंतर ठेवून मधल्या वेळी पाणीच द्यावे. वेळ ठाऊक असलेले मूल सतत स्वयंपाकघराकडे धावत नाही. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत असावे, कारण त्यात लोह फारच कमी असते आणि जास्त दुधाने इतर अन्नाची जागा अडते. फळाच्या रसापेक्षा फळ केव्हाही बरे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे घशात अडकू शकत असल्याने या वयात कूट किंवा पीठ करूनच द्यावेत.

हे सारे घरातील प्रत्येकाने पाळले तरच टिकते. आईने ठरवायचे आणि आजोबांनी खिशातून गोळी काढून द्यायची, असे झाले की मूल नियमातली फट चटकन हेरते. सणावाराचे श्रीखंड किंवा लग्नातली जिलेबी यांना हा नियम लावण्याचे कारण नाही.

जंतांमुळे भूक बेसुमार वाढते हा समज खरा नाही. जंतांनी बहुधा भूक मंदावते आणि रक्त कमी होते, तरीही अंगणवाडीतून वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये. मात्र जे मूल पोट कधीच भरत नसल्यासारखे चोरून किंवा कच्चे अन्नही खाते आणि ज्याची उंची व विकास मागे आहे, त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेणे आवश्यक असते, कारण क्वचित यामागे आनुवंशिक दोष असतो. आणि भरपूर खाऊनही ज्याचे वजन उतरत आहे, ज्याला सतत तहान लागते आणि जे पुन्हा अंथरुणात लघवी करू लागले आहे, त्याच्या रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी.