खापरावरचे नाव



आज आम्ही एका इंग्रजी क्रियापदाविषयी बोलणार आहोत. ते म्हणजे ‘ऑस्ट्रसाइझ’. वाळीत टाकणे, असा त्याचा अर्थ आपण सांगतो. आम्ही पंडित नव्हे. कामगारांचे तंटे सोडविता सोडविता या शब्दाशी गाठ पडली.

ग्रीक भाषेत ‘ऑस्ट्रकॉन’ म्हणजे कवच, किंवा फुटक्या मडक्याचे खापर. हाडाला ग्रीक शब्द ‘ऑस्टेऑन’, आणि आपला ‘अस्थि’ शब्द त्याचाच भाऊबंद. आपण दुसऱ्याच्या माथी खापर फोडतो. अथेन्सचे लोक खापरावर त्याचे नाव कोरीत.

जुलूमशहांना घालवून अथेन्सने लोकसत्ता उभारली, तेव्हा पुन्हा कोणी डोईजड होऊ नये म्हणून हा कायदा झाला. वर्षातून एकदा सभेला विचारीत, यंदा कोणाला घालवावयाचे आहे काय? होकार आला, तर पुढे काही आठवड्यांनी बाजारचौकात मतदान होई. स्त्रियांना व गुलामांना मत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ६,००० मतांची अट असे. ज्याचे नाव निघे त्याने १० दिवसांत शहर सोडावयाचे, ते १० वर्षांसाठी. मात्र जमीनजुमला आणि नागरिकत्व त्याचेच राही. मुदत संपताच तो उजळ माथ्याने परत येई.

इ.स.पू. ४८२ मध्ये ‘न्यायी’ म्हणून गाजलेला अरिस्टायडीस असाच गेला. प्लुटार्क सांगतो, एका निरक्षर शेतकऱ्याने न ओळखता त्यालाच नाव लिहून मागितले. कारण विचारता तो म्हणाला, याला सगळे न्यायी म्हणतात, ते ऐकून कंटाळलो. अरिस्टायडीसने मुकाट्याने स्वतःचे नाव लिहून दिले. दोनच वर्षांत इराणी फौजा आल्या. तेव्हा अथेन्सने त्याला परत बोलाविले, आणि तो सालामिसला लढला.

लबाडीही होती. अक्रॉपोलिसच्या उतारावरील एका विहिरीत थेमिस्टॉक्लीसच्या नावाची १९० खापरे सापडली. अक्षर पाहता ती अवघ्या १४ हातांची! म्हणजे कोणीतरी खापरे आधीच लिहवून वाटावयास ठेविली होती. पुढे आल्सिबायडीस व निकियास या दोघा बड्यांनी हातमिळवणी करून तिसऱ्यालाच, हायपर्बोलसला, घालविले. त्यानंतर ही चाल बंद पडली.

सतराव्या शतकात इंग्रजांनी शब्द उचलला. पण मतमोजणी, मुदत आणि परतीची वाट मागेच राहिली. अथेन्सचे खापर बलवानावर पडे. आजचे वाळीत टाकणे बहुधा दुबळ्यावर पडते. आपल्याकडे जातपंचायतींनी पाणी तोडले, लग्ने अडविली, प्रेताला खांदा नाकारला. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

आता आमच्या घरचे बोलतो. संपात जो कामावर जातो, त्याच्याशी संप मिटल्यावरही कोणी बोलत नाही. त्याच्या डब्याशेजारी कोणी डबा उघडीत नाही. राग खरा असतो; इतरांच्या चुली विझल्या असताना याची पेटलेली असते. त्याला जाब विचारावा, सभासदत्व रोखावे. पण उघड सभेत, त्याचे म्हणणे ऐकून, हात मोजून आणि मुदत ठरवून. अथेन्सने बचावाची संधी दिली नाही. ती आपण द्यावी. आणि त्याच्या बायकोला नळावर, मुलांना अंगणात ही शिक्षा पोहोचता कामा नये. पुढच्या संपात त्याच माणसाला दारी उभे करावयाचे असते. त्याला यावयाला वाट ठेविली नाही, तर तो मालकाच्याच दारात जाईल.