स्तर म्हणजे खोली नव्हे

मराठी घरात रात्री अंथरूण घातले जाते, दहीहंडीला गोविंदा थर रचतात आणि लोकांचे राहणीमान कोणत्या स्तरावर आहे याची चर्चा सभांतून होते. हे तीन शब्द वेगळे वाटले तरी एकाच कुळातले आहेत. संस्कृत ‘स्तर’ म्हणजे पसरलेली वस्तू. त्याचेच मराठीत ‘थर’ झाले, आणि ‘आस्तरण’ या शब्दापासून ‘अंथरूण’ आले. लॅटिन भाषेतील ‘स्ट्राटम’ हा शब्दही त्याच प्राचीन धातूचा दूरचा आप्त होय. त्याला वर्णन करणे या अर्थाचे ग्रीक पद जोडून युरोपातील पंडितांनी ‘स्ट्रॅटिग्राफी’ ही संज्ञा बनविली. मराठीत तिला ‘स्तरविज्ञान’ म्हणतात.

ही संज्ञा ऐकताच, जमिनीत किती खोल काय सापडते ते मोजणारे शास्त्र, असा अनेकांचा समज होतो. तो खरा नव्हे. हे शास्त्र खोलीपेक्षा क्रम पाहते. कोणता थर कोणाच्या आधी पसरला, कोणी कोणाला छेदले, मध्ये कोणता काळ नोंदीवाचून गेला, हे त्याचे प्रश्न आहेत.

त्याचा पहिला नियम 1669 साली निकोलस स्टेनो या डॅनिश वैद्याने फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. खालचा थर बसला तेव्हा वरचा अस्तित्वातच नव्हता. म्हणून खालचा जुना व वरचा नवा, इतका तो साधा आहे. पुढे इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथ यांना असे दिसले की, ठरावीक थरांत ठरावीक जीवांचेच अवशेष असतात. त्यामुळे एका गावचा थर दुसऱ्या गावी ओळखता येऊ लागला, आणि 1815 साली त्यांनी इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला.

हे समजण्यासाठी वडोदेकरांना दूर जावे लागत नाही. पूर्वेस पावागड उभा आहे. दख्खनच्या पठाराप्रमाणेच तोही लाव्हारसाच्या थरांवर थर साचून घडला. पायथ्याकडे काळा बेसाल्ट आणि माथ्याकडे रायोलाइट नावाचा वेगळ्या घडणीचा ज्वालामुखी खडक आढळतो. महाकालीच्या दर्शनास पायऱ्या चढणारा यात्रेकरू, त्याला ठाऊक असो वा नसो, जुन्या थरावरून नव्या थराकडे जात असतो.

आता याच प्रदेशात, बालासिनोरजवळील रायोली गावाकडे पाहावे. तेथे 1980 नंतरच्या दशकात भूशास्त्रज्ञांना डायनोसॉरची अंडी व हाडे सापडली. त्या भागातील हाडांवरून वर्णिलेल्या एका मांसाहारी प्राण्यास 2003 साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव मिळाले. ज्या थरांत हे अवशेष आहेत, त्यांना जबलपूरजवळील लामेटा घाटावरून ‘लामेटा’ म्हणतात. जेथे लामेटा आणि दख्खनचा लाव्हा दोन्ही एकत्र दिसतात, तेथे लामेटा खाली आणि लाव्हा वर असतो. म्हणजे रायोलीच्या माळावर पायाखाली उघडी पडलेली अंडी, सुमारे 800 मीटर उंच पावागडाच्या माथ्यावरील खडकाहून जुनी ठरतात! केवळ खोली मोजणाऱ्यास हा उलगडा कधीच झाला नसता. त्याच लामेटाखाली लागणारे खडक तर अतिप्राचीन आहेत. या दोहोंमधील कोट्यवधी वर्षांची पाने त्या ठिकाणी गळून गेलेली आहेत, आणि अशी गळालेली पाने ओळखणे हेही स्तरविज्ञानाचेच काम होय.

भूशास्त्राची ही दृष्टी पुराणवस्तुशास्त्राने उचलली. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी 1944 साली तक्षशिला येथे भारतीय विद्यार्थ्यांना थर पाहून खणण्याचे शिक्षण दिले. वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वतीने प्रा. बी. सुब्बाराव यांनी शहराच्या परिसरात उत्खनन केले व त्याचा वृत्तांत 1953 साली प्रसिद्ध झाला. अशा उत्खननात खड्ड्याची भिंत सरळ तासतात, मातीचा रंग व पोत बदलेल तेथे रेघ ओढतात आणि प्रत्येक थराला क्रमांक देतात. समजा, एखाद्याने वरून कचऱ्याचा खड्डा खणला असेल, तर त्यातले नवे खापर जुन्या थराइतक्याच खोलीवर मिळेल. टेप दोघांना समकालीन ठरवील; भिंतीवरची रेघ मात्र खरे काय ते सांगेल.

अकोटा येथे अकस्मात हाती आलेल्या जैन कांस्यमूर्तींचे उदाहरण यासाठी मननीय आहे. वडोदऱ्याच्या संग्रहालयाचे त्या भूषण आहेत. परंतु त्या शास्त्रीय उत्खननातून थरवार निघाल्या नाहीत. म्हणून डॉ. उमाकांत शाह यांना त्यांचा काळ मुख्यतः त्यांवरील लेखांची लिपी आणि घडणीची शैली यांवरून ठरवावा लागला. मूर्तींवर लेख होते, म्हणून त्या बोलल्या. साध्या मडक्यावर, मण्यावर किंवा हाडावर लेख नसतो. त्याचे वय सांगणारा त्याचा थर हाच मुख्य साक्षीदार असतो, आणि एकदा कुदळ चालली की तो साक्षीदार पुन्हा उभा करता येत नाही.

वडोदरा आज वेगाने वाढत आहे. इमारतींचे पाये, गटारे, रस्ते यांसाठी रोज माती उपसली जाते. पायात एखादी जुनी वस्तू दिसली, तर ती उचलून धुऊन घरी नेण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो आवरावा, वस्तू जागच्या जागी राहू द्यावी व पुरातत्त्व खात्यास किंवा विद्यापीठास कळवावे. वस्तू मागाहूनही संग्रहालयात नेता येते; तिच्याभोवतीचा थर मात्र, जो काही वाचायचा तो, तेथेच आणि एकदाच वाचता येतो.