जामीनदार म्हणून सही

आजच्या भागात पाहुणा नाही, मी एकटाच आहे. मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचा मामा येरवड्यात आहे, पॅरोलसाठी अर्ज केलाय आणि घरचे म्हणतायत, जामीनदार तू हो. "दादा, सही करू का?" एवढंच त्यानं विचारलंय. त्याला फोनवर उत्तर देता आलं असतं, पण ही गोष्ट माझ्या घरातही घडलीय, म्हणून इथेच सांगतो.

आधी एक गैरसमज काढू. इंग्रजी सिरीजमध्ये पॅरोल म्हणजे माणूस बाहेर आला, आता अधिकारी लक्ष ठेवणार, नोकरी शोधून देणार. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे ती रजा असते. दोन प्रकार आहेत, संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. नियम १९५९ चे, वेळोवेळी बदललेले. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरत नाहीत. गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फर्लोसाठी एक अट अशी की, त्या माणसाला घरी घ्यायला तयार असलेला एखादा नातेवाईक पाहिजे आणि त्यानं जामीनपत्र लिहून दिलं पाहिजे. मग पोलिसांकडून चौकशी होते. गावात शांतता राहील का, हे विचारतात. चांगलं वागून रजा साठवली तरी दार उघडणारा माणूस बाहेरच लागतो.

माझा चुलतभाऊ २०१२ पासून आत होता. बांधाचं भांडण, आणि त्यात एक माणूस गेला. दादानं केलं, कोर्टानं जन्मठेप दिली. त्यात मला काही लपवायचं नाही. गेलेल्या माणसाचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे.

२०१७ मध्ये काकू माझ्याकडे आली. फर्लोचा अर्ज करायचाय, सही दे म्हणाली. मी नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो. "बघतो काकू," म्हणालो. नंतर तिचे तीन फोन उचलले नाहीत. त्या वर्षी दादा आला नाही. दुसरं कोणी सही करणारं नव्हतं, एवढं साधं कारण.

२०१८ मध्ये काका गेले. जवळचं माणूस गेलं की आकस्मिक पॅरोल मिळतो, तसा दादाला मिळाला. पण कागद हलून तो पोहोचेपर्यंत दहाव्याचा दिवस उजाडला होता. अग्नी मी दिला होता. प्रवरेच्या काठावर तो माझ्याशेजारी उभा राहिला आणि मला फक्त म्हणाला, "बरं झालं तू होतास." शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. ठरलेल्या दिवशी तो परत गेला.

२०१९ ला मी सही केली. भीती वाटली का? वाटली. तो परत गेला नाही तर जामिनाची रक्कम माझ्याकडून वसूल होऊ शकते. मी त्याच्याबरोबर आत जात नाही, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं.

दौंडमार्गे गाडीनं आला. तिकिटावर बेलापूर लिहिलेलं, आपलं श्रीरामपूरचं स्टेशन. बाहेर चहा घेतला, मी मोबाईल काढून क्यूआर कोड स्कॅन केला. त्यानं विचारलं, "पैसे कुठंयत?" तो आत गेला तेव्हा यूपीआय नव्हतं, आणि नोटाबंदी त्यानं नुसती ऐकलेली. त्या रजेत त्याला फोन वापरायला शिकवणं हेच माझं मोठं काम झालं. येरवड्यात सुतारकाम शिकला होता, काकूच्या घराचे दरवाजे नीट केले. बाहेर काम विचारलं तर "तीन आठवड्यांच्या माणसाला काय ठेवायचं?" खोटं कशाला बोलू, मीही ठेवलं नसतं. त्या दोन गल्ल्यांकडे तो फिरकला नाही. त्या घरच्या वहिनींनी मला एकदा अडवून विचारलं, "किती दिवस आहे?" मी तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. त्यांच्या बाजूनं त्या रजेचा अर्थ काय होता, ते मी कधी विचारू शकलो नाही.

दादा पुन्हा वेळेवर परत गेला. मग कोरोना आला. ८ मे २०२० ला नियमात बदल झाला. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्यांना ४५ दिवसांचा आकस्मिक पॅरोल, पुढे तीस-तीस दिवसांनी वाढ. पण अट अशी की आधीच्या दोन रजांवरून माणूस वेळेवर परतलेला हवा. दोन! काकांच्या वेळची एक आणि माझ्या सहीची एक. ती दुसरी नसती तर पहिल्या झटक्यात त्याचा अर्ज बसला नसता.

तो घरी आला. महिन्यातून एकदा पोलीस ठाण्यात हजेरी, बाकी एका फर्निचरवाल्याकडे काम. या वेळी काम मिळालं, कारण सुताराला पाठवायला दुसरं कोणी नव्हतं आणि मुदत वाढत होती. मे २०२२ मध्ये परत हजर व्हायचे आदेश आले. जवळजवळ दोन वर्षं घरी राहून तो गेला. आणि तो पॅरोल होता, म्हणजे ते दिवस शिक्षेतून कमी झाले नाहीत. काकूला हे समजावताना माझी जीभ वळत नव्हती. तिचं म्हणणं एकच, "दोन वर्षं नियमानं वागला ना?"

आता मामासाठी धावपळ करणाऱ्या त्या श्रोत्याला कामाचं सांगतो. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. श्रीरामपूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० ला फोन लाव. अर्ज नाकारला तर कारण लेखी माग. अहिल्यानगरला महिला व बालविकास विभागाचे जिल्हा परिविक्षा अधिकारी असतात, सुटून आलेल्यांच्या मदतीचं तिथे विचार. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून अशा लोकांसोबत काम करतो, पण आपल्या तालुक्यात तसं कोणी मला भेटलं नाही. घरची अडचण असेल तर राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना आहे, १ मे २०२२ ला येरवड्यातूनच सुरू झाली. कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्क्यांनी, हप्ता आतल्या मजुरीतून.

आणि सही? मामा कसा आहे ते तुला माहीत, मला नाही. मागच्या रजांवरून वेळेवर परत गेला होता का, ते आधी विचार. फोन मात्र उचल त्यांचा.

दादा सध्या विसापूरच्या खुल्या कारागृहात आहे, शेतीत. पुढच्या रजेचा कागद आलाय, माझ्या टेबलावर पडलाय. रेकॉर्डिंग संपलं की सही करून उद्या सकाळच्या गाडीनं काकूकडे पोहोचवतो.